सहाव्या वर्षाआधी

१९८७ च्या ऑक्टोबरपासून पुढची दीडेक वर्षे पुण्याच्या केईएम रुग्णालयातून जी दोन किलोही न भरलेली बाळे घरी गेली, त्यांचा माग सोडायचा नाही असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवले. डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे सहकारी या मुलांना वर्षानुवर्षे बोलावत राहिले. मुले रांगली, चालली, शाळेत गेली, बारा वर्षांची झाली, सज्ञान झाली. बाराव्या वर्षी केलेल्या तपासणीतून निघालेले चित्र अंगावर येणारे नव्हते, पण विचार करायला लावणारे होते. या मुलांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेतच होता, पण पूर्ण वजनाने जन्मलेल्या बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी. फळ्यावरचे पाहून वहीत उतरवणे, वाचणे, गणित सोडवणे इथे त्यातली बरीच मुले अडखळत होती. पूर्ण दिवस न भरता आणि वजनानेही कमी जन्मलेल्यांची अडचण सर्वांत जास्त होती.

अशी मुले रस्त्यात दिसली तर कुणी वळून पाहणार नाही. चालतात, बोलतात, भावंडांशी भांडतात. शाळेत गेल्यावर मात्र 'लक्ष नाही', 'आळशी आहे', 'अक्षर घाणेरडे' असे शेरे प्रगतिपुस्तकात जमू लागतात. घरी शिकवणी लागते, मग दुसरी शिकवणी, मग फटके. हे सारे कुठून आले याचा धागा जन्माच्या वेळच्या कागदापर्यंत जातो, हे त्या घरात कुणाच्या ध्यानातही नसते.

आणि अशी घरे थोडी नाहीत. देशातल्या पाच ठिकाणी सुमारे चार हजार मुलांची तपासणी करणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाचांत उत्तर गोवा होता. दृष्टी, श्रवण, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, बौद्धिक विकास, शिकण्यातल्या अडचणी अशा मेंदूच्या वाढीशी जोडलेल्या तक्रारी त्यात तपासल्या. त्यावरून निघालेला अंदाज असा की, दोन ते सहा वयाच्या मुलांत साधारण नऊ टक्के आणि सहा ते नऊ वयाच्या मुलांत तेरा-चौदा टक्के मुलांना यातली निदान एक तरी अडचण असते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार-पाच मुले. एकही नसलेला वर्ग सापडणे कठीण.

तरीही आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: वाट बघा. मुलगा आहे, उशिरा बोलेल. त्याचे वडीलही चार वर्षांचे होईतो बोलत नव्हते. जीभ जड आहे, सुटेल. शाळेत घाला, चार मुलांत गेला की आपोआप शिकेल. हे सांगणारे आजी-आजोबा, शेजारी यांचा हेतू चांगलाच असतो, आणि दहांतल्या काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण ज्या मुलाच्या बाबतीत तो खोटा ठरतो, त्याची गेलेली दोन वर्षे परत मिळत नाहीत. दुर्दैवाने 'थांबून बघू' हे काही दवाखान्यांतूनही ऐकू येते.

वाट न बघण्यामागे साधे जीवशास्त्र आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचे उदाहरण घ्यावे. कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत ओळखला गेलेली आणि लगेच मदत मिळालेली मुले भाषेत नंतर ओळखल्या गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे असतात. त्यातूनच एक-तीन-सहा हा हिशेब रूढ झाला: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि वाचा-प्रशिक्षणाची सुरुवात. बाळ झोपलेले असताना कानात एक छोटा प्रोब ठेवून काही मिनिटांत होणारी ही चाचणी आहे. टोचणे नाही, रक्त काढणे नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचे वेळापत्रक तर याहून काटेकोर. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायला हवा, फारच लहान बाळांचा त्याही आधी. तिथे महिनाभराची चालढकल म्हणजे कायमचा अंधार ठरू शकतो. जन्मतः वाकडे असलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत सरळ करता येते. तेच मूल वर्षाचे होऊन पावलावर भार टाकू लागले की काम अवघड होत जाते.

स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता यांचे गणित इतके सरळ नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे लवकर सुरू केलेल्या मदतीने मूल 'बरे' होत नाही. ते संवाद साधायला शिकते, स्वतःचे जेवण-कपडे सांभाळू लागते, त्याची चिडचिड कमी होते, आईवडिलांना त्याची भाषा कळू लागते. ही मोठीच कमाई आहे. पण त्याहून जास्तीचे आश्वासन देणारा माणूस भेटला की पाकीट सांभाळावे. स्वमग्नतेवर स्टेम सेलचे उपचार करू नयेत आणि त्यांची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन समजावे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तोवर कितीतरी घरांनी दागिने मोडले होते.

मग कुणाकडे जायचे? याचे सरकारी उत्तर महाराष्ट्रातूनच निघाले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा चार गटांतल्या तीस स्थिती शोधायच्या, असे या कार्यक्रमाचे काम. त्यासाठी गाडीतून फिरणारी पथके आहेत. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा यावे, अशी योजना आहे. पथकाला काही आढळले की मूल जिल्हा रुग्णालयातल्या 'डीईआयसी'कडे, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

हे नाव फार थोड्या पालकांनी ऐकलेले असते. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात एखाद्या बाजूच्या इमारतीत हे केंद्र असते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, दृष्टितपासनीस, दंतवैद्य, विशेष शिक्षक, समाजसेवक असे सगळे एका छताखाली असावेत, असा त्याचा आराखडा. सगळी पदे सगळीकडे भरलेली नसतात, हे खरे. पण जी आहेत ती मोफत आहेत, आणि तिथे तपासून घ्यायला आधी दिव्यांगत्वाचा दाखला काढावा लागत नाही. खासगीत वाचा-उपचाराच्या एकेका सत्राला काहीशे रुपये मोजणाऱ्या आणि आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबानेही 'सिव्हिलमध्ये कोण जाणार' हा विचार एकदा बाजूला ठेवायला हरकत नाही. मुंबईकरांसाठी आणखी एक दार आहे: वांद्रे रेक्लमेशनवरची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशात चौदा ठिकाणी सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली, त्यातले एक या संस्थेत आहे.

तपासणीची भीती वाटते म्हणूनही पुष्कळ पालक टाळतात. मूल 'नापास' होईल की काय, अशी धास्ती. प्रत्यक्षात पहिली चाळणी किती साधी असते ते पाहण्यासारखे आहे. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात डॉ. एम. के. सी. नायर यांच्या पुढाकाराने तयार झालेला एक तक्ता बालरोग विभागांत वापरला जातो. एकच कागद. खालच्या रेघेवर महिने लिहिलेले, शून्यापासून दोन वर्षांपर्यंत. त्यावर सतरा आडव्या पट्ट्या, एकेका कौशल्याच्या: ओळखीचे हसणे, मान धरणे, खुळखुळ्याच्या आवाजाकडे वळणे, वस्तू या हातातून त्या हातात घेणे, चिमटीत दाणा उचलणे, दोन शब्द बोलणे, बाहुलीचे अवयव दाखवणे. डॉक्टर बाळाच्या वयाच्या आकड्यावर एक पेन्सिल उभी धरतात. पेन्सिलीच्या डावीकडे संपलेली पट्टी बाळाला जमली पाहिजे. जमत नसेल तर पुढची, सविस्तर तपासणी. पाच-सात मिनिटांचे काम, उपकरणे म्हणाल तर खुळखुळा, चेंडू, बाहुली.

अशीच एक यादी बहुतेक घरांत आधीच असते. गरोदरपणात मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड लसीच्या तारखा बघण्यापुरते उघडले जाते आणि पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. त्याच कार्डात कोणत्या महिन्यात बाळ काय करू लागते याची चित्रे असतात. ढोबळ खुणा लक्षात ठेवायच्या तर एवढ्या: चार महिन्यांपर्यंत मान धरणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणे, वर्षापर्यंत बडबड आणि बोटाने दाखवणे, सोळा महिन्यांपर्यंत एखादा अर्थपूर्ण शब्द, अठरा महिन्यांपर्यंत चालणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द. आणि एक खूण कोणत्याही वयाची: आलेले कौशल्य जाणे. 'आई' म्हणणारे मूल म्हणायचे थांबले, हाक मारल्यावर बघणारे मूल बघेनासे झाले, तर त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्यावे.

यात आईवडिलांचे निरीक्षण दुय्यम नाही. तुर्कस्तानातल्या डॉ. इल्गी एर्तेम यांनी विकसित केलेल्या एका पद्धतीत तर मुलाला काही करूनच दाखवायला लावत नाहीत. आईवडिलांना मोकळे प्रश्न विचारतात. मूल काय हवे ते कसे सांगते, लोकांशी कसे वागते, हात कसे वापरते. त्या पद्धतीच्या चार देशांतल्या अभ्यासात मुंबईचाही समावेश होता, आणि डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली 'उम्मीद' ही संस्था ती इथे शिकवते. 'काहीतरी वेगळे आहे' असे ज्या आईला आतून वाटते, तिच्या वाटण्याला शास्त्राने दिलेली ही मान्यता आहे.

आता कायद्याकडे. इथे एक विचित्र फट आहे, आणि ती पालकांना कुणी सांगत नाही.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात नावानिशी आल्या. पण मोफत शिक्षणाचा हक्क तोही सहाव्या वर्षापासूनच देतो, अठराव्यापर्यंत. म्हणजे मेंदू सर्वांत वेगाने घडतो ती वर्षे हक्काच्या भाषेत जवळजवळ मोकळी. सहाच्या आतल्या मुलांसाठी कायद्यात वर्षातून एकदा तपासणी, प्रतिबंध, पुनर्वसन अशी सरकारची कर्तव्ये लिहिली आहेत, पण अमुक दिवसांत अमुक सेवा मिळालीच पाहिजे, असे बंधन नाही.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी नातेवाइकांच्या सल्ल्यांचा इथे म्हणूनच उपयोग होत नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने शाळकरी मुलांना आणि १९८६ च्या दुरुस्तीने तीन वर्षांखालच्या मुलांना अशा सेवांची कायदेशीर हमी मिळाली. तिथे अशी मुले शोधून काढणे हे राज्याचेच काम, आणि तीन वर्षांखालच्या मुलाची नोंद झाली की पंचेचाळीस दिवसांत तपासणी करून कुटुंबासाठी लेखी आराखडा ठरवण्याची पहिली बैठक घ्यावी लागते. आपल्याकडे घड्याळ लावण्याचे काम पालकांवर पडते. आरोग्य विभागाला अंगणवाडीतले ठाऊक नसते, अंगणवाडी महिला व बालविकासची, शाळा शिक्षण विभागाची, दाखला आणि योजना दिव्यांग कल्याणच्या. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला, ही चांगली गोष्ट झाली. पण चार विभागांमधून मुलाची फाईल पुढे सरकवणारा माणूस अजूनही बहुधा त्याची आईच असते.

शाळेच्या दारात मात्र पालकांची बाजू कायद्याने भक्कम केली आहे, इतकी की अनेक मुख्याध्यापकांनाही ती पुरती माहीत नसते. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी घेणे शिक्षणहक्क कायद्याने बेकायदा आहे; पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'आमच्याकडे सोय नाही, तुम्ही दुसरी शाळा बघा' हे वाक्य कितीही गोड आवाजात उच्चारले तरी ते नकारच असते, आणि दिव्यांगत्वावरून प्रवेश नाकारणे २०१६ च्या कायद्याला मान्य नाही. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले शिक्षणहक्क कायद्याच्या 'वंचित घटकां'त आली, त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतल्या पंचवीस टक्के जागांवर त्यांना अर्ज करता येतो; महाराष्ट्रात त्यांना उत्पन्नाची अट नाही. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचाही हक्क आहे. अर्थात, तो मुलाचा हक्क आहे, शाळेची सुटका नव्हे. चालता-बोलता येणाऱ्या मुलाला गृहाधारित शिक्षणाच्या यादीत ढकलून हजेरीपट मोकळा करण्याचा प्रकार पालकांनी खपवून घेऊ नये.

प्रवेशानंतर काय? दिव्यांग हक्क कायद्याचे सोळावे कलम शाळांची कर्तव्ये सांगते. त्यात एक ओळ अशी आहे की अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर अध्यापनाचे उपाय शाळेनेच करायचे. म्हणजे 'तुम्हीच तपासून आणा' म्हणून जबाबदारी पालकांवर ढकलता येत नाही. मुलाच्या गरजेप्रमाणे वैयक्तिक साहाय्य हेही त्याच कलमात आहे. सरकारी शाळांत समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून फिरतीवर येतात; एकेकाकडे कितीतरी शाळा असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या निकालानंतर केंद्राने प्रमाण ठरवून दिले: प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या इयत्तांना पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदे मंजूर करून जाहीर करायला न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, यावरून मधल्या साडेतीन वर्षांत काय झाले असेल ते समजते. काही खासगी शाळा मुलासोबत बसणारी 'शॅडो टीचर' पालकांनीच स्वखर्चाने आणावी, अशी अट घालतात. पालकाने ती स्वेच्छेने आणणे वेगळे; प्रवेशाची किंमत म्हणून ती मागणे कायद्याच्या हेतूत बसत नाही.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्राची पाटी कोरी नाही. 'तारे जमीं पर'मुळे डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला तो २००७ च्या अखेरीस. त्याच्या अकरा वर्षे आधी, १९९६ मध्ये, राज्य सरकारने दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती द्यायला सुरुवात केली होती. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित. मुंबईच्या शीव, नायर, केईएम या पालिका रुग्णालयांतले विभाग त्यासाठी तपासणी करत आले आहेत. दुखणे एवढेच की पुष्कळ घरांना याची आठवण नववीत होते. मग रांगा, तारखा, धावपळ. खरे तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेची तपासणी तिसरीच्या सुमारास, आठव्या वर्षी करायची असते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी ती पुन्हा करायची. आठव्या वर्षी कळले तर मुलाला वाचायला शिकवण्याची वेगळी पद्धत वापरता येते. पंधराव्या वर्षी कळले तर हाती उरते ती बहुधा सवलतच.

दाखल्याबद्दल घराघरांत मोठी घालमेल असते. 'एकदा शिक्का बसला की बसला', 'मुलीचे लग्न कसे होणार' हे प्रश्न खोटे नाहीत. पण दाखला शाळेच्या फलकावर लावायचा नसतो. गरज पडेल तिथे दाखवायचा असतो. अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि त्यातून यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र मिळते. लहान मुलांना तात्पुरता दाखला देतात आणि वय वाढल्यावर पुन्हा तपासतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षीचा शेरा आयुष्यभर चिकटतो ही भीती बाळगायचे कारण नाही. चाळीस टक्के आणि त्यापुढचा दाखला असेल तर शिष्यवृत्ती, उच्च शिक्षणातले पाच टक्के आरक्षण, बस-रेल्वेच्या सवलती असे दरवाजे उघडतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण नाममात्र हप्त्यात देते. त्यात नेहमीच्या थेरपीचाही खर्च काही मर्यादेत मिळतो आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नसते.

चाळीस टक्क्यांखालचे मूल मात्र वाऱ्यावर सोडलेले नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने टक्केवारी दाखवून लेखनिक नाकारला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखनिकासारखी वाजवी सोय मिळायला चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. गरज आहे का एवढेच पाहायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमधला दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका विद्यार्थिनीचा. तिला लेखनाची अक्षमता होती, दाखला होता, 'नीट'च्या तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळायला हवा होता. परीक्षाकेंद्रावर इतरांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. नियम केंद्रावरच्या माणसांना ठाऊकच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही, पण झालेला अन्याय कसा भरून काढता येईल याचा आठवडाभरात विचार करा, असा आदेश परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला दिला आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला लावले. कायदा, दाखला, निकाल सगळे बाजूने असूनही त्या मुलीची ती परीक्षा गेली, हे विसरू नये. म्हणून परीक्षेच्या आठवडाभर आधी केंद्रावर जाऊन, सवलतीचे पत्र दाखवून, केंद्रसंचालकांची सही घेऊन ठेवणे हा वेडेपणा नाही.

या सही-कागदाच्या सवयीवरच निम्मी लढाई जिंकली जाते. शाळेत तोंडी झालेले बोलणे पुढच्या वर्षी बाई बदलल्या की संपते. त्यापेक्षा साध्या कागदावर, साध्या मराठीत चार ओळी लिहाव्यात:

'माझा मुलगा आपल्या शाळेत दुसरीत शिकतो. त्याला अक्षरे ओळखताना आणि फळ्यावरून उतरवून घेताना सतत अडचण येते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १६ प्रमाणे त्याची तपासणी विशेष शिक्षकांकडून करून घ्यावी, वर्गात कोणते साहाय्य देणार ते आम्हाला लेखी कळवावे आणि त्यासाठी बैठकीची तारीख द्यावी, ही विनंती.'

खाली तारीख, सही. अर्जाच्या दोन प्रती. एक शाळेत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच म्हणून घरी ठेवायची. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. भांडणाचा सूर नको. शिक्षिकेला शत्रू करून मुलाचे भले होत नाही, आणि चाळीस मुले सांभाळणारी बाई बहुधा स्वतःच मदतीच्या शोधात असते. तिला विशेष शिक्षक मिळवून देणारा अर्ज तिच्याही उपयोगाचा असतो. सोबत एक फाईल करावी: जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे कार्ड, तपासण्यांचे अहवाल तारखेनुसार, थेरपीच्या नोंदी, शाळेशी झालेला पत्रव्यवहार. पुण्याच्या त्या मुलांच्या बाबतीत रुग्णालयाने जे केले, तेच काम हा कागदांचा गठ्ठा घरच्या पातळीवर करतो.

अर्जाला उत्तर आले नाही तर पायऱ्या आहेत. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. शिक्षणहक्क कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे केलेल्या लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावायचा असतो. त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. आणि दिव्यांगत्वाशी संबंधित कोणत्याही तक्रारीसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे मागवणे अशा बाबतींत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी एखाद्या कार्यालयाला शिफारस केली की त्या कार्यालयाने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावे लागते. या तक्रारीला वकील लागत नाही. तक्रारीसोबत जोडायला मात्र शाळेच्या शिक्क्याची ती पोच लागते, आणि ती मिळवायची तर अर्ज आजच लिहायला घ्यावा. मूल सहाच्या आतले असेल तर अर्जाचीही गरज नाही. गावात अंगणवाडी ताईला आणि शहरात जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात एवढेच विचारायचे, की तपासणी पथक पुन्हा कधी येणार आहे आणि तोवर 'डीईआयसी'ची चिठ्ठी आजच मिळेल का.